कोळपलेल्या रानात पहाटे दिसणारी ओल येते कुठून?

मालदांडी · ९ डिसेंबर, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी,

आमचं रान मंगळवेढ्याजवळ, भारी काळी जमीन. यंदा आठ एकर ज्वारी आहे, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेली, पूर्ण जिराईत. पेरणीनंतर एकच पाऊस झाला, त्यानंतर आभाळ कोरडं. दोन कोळपण्या (ओळींच्या मधली माती बैलाच्या कोळप्याने मोकळी करणं) उरकल्या, पहिली फटीच्या कोळप्याने आणि दुसरी पासाच्या. दातेरी कोळप्याची तिसरी राहिली आहे आणि रानाला भेगा पडू लागल्यात.

परवा पहाटे साडेसहाला रानात होतो. ओळींच्या मधली भुसभुशीत माती काळपट दिसली. हात फिरवला तर गार आणि ओलसर. उकरून बघितलं: वरचा नखाएवढा थर ओला, त्याखाली तीन बोटं कोरडी धूळ, आणि धुळीखाली पुन्हा खरी ओल, मूठ दाबली तर लाडू होईल अशी. म्हणजे ओलं, कोरडं, ओलं असे तीन थर. त्याच वेळी बांधालगतची न कोळपलेली टणक जमीन मात्र वरून कोरडी. साडेनऊला परत गेलो तोवर कोळपलेल्या मातीचा रंग राखेसारखा झालेला.

वडील म्हणतात, "थंडीत ओल वर येती." शेजारचे काका म्हणतात दव आहे. मला प्रश्न असा की ओल खालून येत असेल तर मधला थर कोरडा कसा राहतो? आणि रोज रात्री ती वर येऊन सकाळी उडून जात असेल, तर कोळपणीने आपण ओल राखतोय की घालवतोय?

गावशीव · ९ डिसेंबर, दुपारी १२:०२

दव आहे. आमच्याकडे बार्शी भागात हरभऱ्यावर रात्री धडपं पसरून सकाळी पिळून आंब, म्हणजे पानांवरचं आंबट दव, काढायचे, ते पाणी आभाळातूनच यायचं की. मातीवरही तेच पडतं.

मालदांडी · ९ डिसेंबर, दुपारी १२:४०

दादा, मग बांधालगत का नाही पडलं? अंतर दहा पावलांचं.

मृद्गंधा · ९ डिसेंबर, रात्री ९:२०

मालदांडी, तुमचे तीन थर आणि बांधालगतची कोरडी जमीन, या दोन गोष्टींत निम्मं उत्तर आलेलं आहे. मी मृदाशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पाऊस ओसरल्यावर मातीच्या काही पोकळ्यांत पाणी राहतं आणि काहींत हवा. याला असंपृक्त माती म्हणतात. अशा मातीत पाणी दोन वाटांनी चालतं. एक वाट मातीच्या कणांभोवती असलेल्या पाण्याच्या पातळ थराची, म्हणजे द्रवरूपाची. दुसरी हवेच्या पोकळ्यांमधून, वाफ होऊन. माती सुकत जाते तशी पहिली वाट तुटत जाते, धुळीत तर ती बंदच होते. दुसरी मात्र आणखी मोकळी होते. तुमच्या मधल्या थरातून पाणी वाफेच्या रूपात गेलं, म्हणून तो थर भिजला नाही.

तिला वर ढकललं तापमानाने. मातीत थोडीही ओल असली की पोकळ्यांतली हवा वाफेने जवळजवळ भरलेली असते. पीक कोमेजून पुन्हा मान वर करत नाही इतकी जमीन सुकली, तरी तिच्या आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ९९ टक्क्यांच्या आसपास असते. मग वाफ कुठे जास्त आणि कुठे कमी, हे ठरवायला उरतं फक्त तापमान. वाफेने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत १० अंश सेल्सिअसला ९.४ ग्रॅम पाणी असतं, २० अंशांना १७.३, ३० ला ३०.४ आणि ४० ला ५१ ग्रॅम. डिसेंबरच्या रात्री तुमच्या रानाचा पृष्ठभाग १४ अंशांवर आला आणि दहा सेंटीमीटर खाली २६ अंश असले, तर खाली साधारण २४ ग्रॅम आणि वर १२. दुप्पट फरक. वाफ खालून वर सरकते आणि गार थराला भेटली की तिथेच तिचं पाणी होतं.

आता बांधालगतची जमीन. टणक मातीतून खालची ऊब वरपर्यंत सहज पोचते, त्यामुळे तिचा पृष्ठभाग रात्री तेवढा गार पडत नाही. कोळपलेल्या भुसभुशीत थरात हवाच हवा, तो गोधडीसारखा. खालची ऊब खाली राहते आणि वरचा पापुद्रा उघड्या आभाळाखाली जास्त गारठतो. त्यामुळे पाणी तिथे जमतं.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत बायूकोस यांनी १९१५ साली मातीच्या नळीचं एक टोक गरम आणि दुसरं गार ठेवून ओल कुठे सरकते ते मोजलं. ओल गार टोकाकडे गेली, पण सगळ्यात जास्त कधी गेली? माती फार कोरडी नाही आणि फार ओलीही नाही तेव्हा. कोरडीजवळ द्यायला पाणी नसतं आणि चिंब मातीत वाफेला वाट नसते. मधल्या अवस्थेत दोन्ही असतं.

मालदांडी · ९ डिसेंबर, रात्री १०:०५

ताई, फार स्पष्ट सांगितलंत. म्हणजे वडिलांचं खरं. पण हे पाणी किती असतं? पिकाला उपयोगी पडेल एवढं?

मृद्गंधा · १० डिसेंबर, सकाळी ७:३०

हिशोब करता येतो. हवेत वाफ किती वेगाने पसरते ते माहीत आहे. मातीतल्या पोकळ्या वळणावळणाच्या, म्हणून तो वेग पाच-सहा पटीने कमी धरला आणि वरचाच १४ आणि २६ अंशांचा फरक दहा तास टिकला, तर दर चौरस मीटरला २० ते २५ ग्रॅम पाणी वर येतं. चहाचा पाव कप म्हणा. नखाएवढ्या थराचा रंग बदलायला तेवढं पुरतं.

प्रत्यक्षात मोजलं तर आकडा याहून मोठा येतो, कधी दोन-तीन पट. याचं कारण फिलिप आणि डी व्रीस या दोघांनी १९५७ साली मांडलं. दोन कणांच्या मधल्या चिमटीत पाण्याचा थेंब अडकलेला असतो. वाटतं की वाफेची वाट बंद झाली. पण वाफ थेंबाच्या एका बाजूवर येऊन पाणी होते आणि दुसऱ्या बाजूने तेवढीच वाफ सुटते. थेंब अडथळा राहत नाही, उलट वाट जवळची करून देतो. शिवाय कणांपेक्षा हवेतून उष्णता कमी जाते, त्यामुळे पोकळीच्या आत तापमानाचा उतार सरासरीपेक्षा तीव्र असतो. हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात जाऊन फळ्यावर थेंबच काढला होता, इतकं ते मनात बसलं.

तिप्पट धरलं तरी एकरी २५० ते ३०० लिटर. एक मिलिमीटर पाऊस एकरात ४,००० लिटर पाणी टाकतो आणि वाढीतल्या ज्वारीला रोज चारेक मिलिमीटर लागतं. म्हणजे पिकाच्या हिशोबात ही ओल नगण्य. तिच्यातून तुम्हाला रानाची चाल कळते, हा तिचा खरा उपयोग.

जुना_कृषी_सहायक · १० डिसेंबर, सकाळी ११:१०

ताईंनी चांगलं सांगितलं, त्यात एक पुरवणी. यावर आपल्या पुण्यात काम झालेलं आहे. हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ साली पुण्यात सुरू झाला, तिथे एल. ए. रामदास होते. रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटून नसते तर थोडी वर असते, हे त्यांनी दाखवलं. त्या थराला आजही जगभर रामदास थर म्हणतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या काळ्या जमिनीवर खडूची पांढरी भुकटी पसरून खालच्या मातीचं तापमान किती उतरतं ते मोजलं. आणि कोरड्या ऋतूत काळ्या मातीचा वरचा थर रात्री हवेतली वाफ शोषतो आणि दिवसा सोडून देतो, हेही नोंदवलं.

म्हणजे मालदांडी, तुमच्या नखभर ओलीत तीन वाटेकरी असू शकतात: खालून आलेली वाफ, वरून पडलेलं दव, आणि कोरड्या चिकणमातीने दव पडण्याआधीच हवेतून ओढून घेतलेली वाफ. कोणाचा वाटा किती, ते तुम्हीच तपासू शकता. दोन घमेली घ्या. एक सरळ मातीवर पालथं घाला. दुसऱ्याखाली आधी प्लास्टिकचा कागद अंथरा आणि मग पालथं घाला. कडा मातीने बुजवा. पहाटे दोन्ही उलटून बघा. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८० च्या दशकात दवाचा अभ्यास करताना पालथ्या परातींनीच हे शोधलं होतं. तोवर बहुतेकांची समजूत होती की दव फक्त वरच्या हवेतून येतं.

वाफसा · १० डिसेंबर, दुपारी ४:४५

चर्चा आवडली. मी सहा वर्षं नैसर्गिक शेती करतो. आम्हाला शिबिरात शिकवलं की मुळं पाणी पीत नाहीत, ती वाफ घेतात, म्हणून दोन कणांच्या मध्ये पाणी नको, वाफ आणि हवा हवी. माझ्या बागेत पाणी कमी केल्यावर झाडं सुधारली हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. ताई, याबद्दल काय म्हणाल?

मृद्गंधा · १० डिसेंबर, रात्री ९:५०

दादा, तुमची झाडं सुधारली हे मी शंभर टक्के मानते. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो. पाणी कमी केलंत, मुळांना प्राणवायू मिळाला. वाफसा, म्हणजे माती चिंबही नाही आणि कोरडीही नाही अशी अवस्था, ही फार अचूक कल्पना आहे. आपल्या लोकांनी हाताने माती चाचपून ठरवलेली ही अवस्था, बायूकोसच्या नळीतल्या त्या मधल्या अवस्थेच्या जवळची.

पण मुळं वाफेवर जगतात, हे आकड्यांत बसत नाही. एक एकर, ३० सेंटीमीटर खोली: १,२०० घनमीटर माती. त्यात पाव भाग हवा धरली तर ३०० घनमीटर. ३० अंशांना प्रत्येक घनमीटरमध्ये ३० ग्रॅम वाफ. एकूण ९ किलो, म्हणजे सबंध एकरभर मातीतल्या वाफेचं पाणी केलं तर नऊ लिटर. दोन कळश्यासुद्धा धड भरत नाहीत. पिकाला त्याच एकरात दिवसाला १६,००० लिटर लागतं. मुळं पितात ते कणांभोवतीच्या पातळ थरातलं पाणी. तो थर डोळ्यांना दिसत नाही, हाताला माती कोरडी वाटते, म्हणून वाफ पितात असं वाटणं साहजिक आहे.

वाफसा · १० डिसेंबर, रात्री १०:३०

नऊ लिटर. हा हिशोब मी कधी केला नव्हता. वहीत लिहून घेतला. आमच्या गटात मांडेन.

द्राक्षबाग · ११ डिसेंबर, सकाळी ८:१५

नाशिककडून लिहितोय. माझ्या बागेत १५ सेंटीमीटरवर ओल मोजणारा सेन्सर बसवलाय. पाणी दिलं नाही तरी रोज संध्याकाळी सहा-सातला आकडा वर चढतो आणि सकाळी खाली येतो. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, मुळं रात्री पाणी वर ओढतात. त्या आकड्यावर भरवसा ठेवून मी दोन वेळा पाणी लांबवलं आणि घडांचा ताण सोसला. हीसुद्धा वाफच का?

मृद्गंधा · ११ डिसेंबर, दुपारी १:००

तुम्ही वेळ नेमकी लिहिलीत हे फार बरं झालं. उन्हाची ऊब मातीत उतरायला वेळ लागतो. पृष्ठभाग दीडच्या सुमाराला सगळ्यात तापतो, पण १५ सेंटीमीटरवर ती लाट पोचायला पाचेक तास जातात. म्हणजे संध्याकाळी साडेसहा. तुमचा आकडा ओलीच्या मागे नाही, तापमानाच्या मागे चालला आहे.

हे स्वस्त सेन्सर मातीचा विजेशी असलेला व्यवहार मोजतात आणि त्यावरून ओल ठरवतात. माती एक अंशाने तापली की क्षारांच्या पाण्यातून वीज वाहण्याचं प्रमाण दोनेक टक्क्यांनी वाढतं. चिकणमातीत आणि खताच्या पाण्यात हा परिणाम मोठा, आणि सेन्सरला वाटतं ओल वाढली. रोज एकाच वेळी, शक्यतो सूर्योदयाला घेतलेला आकडाच आदल्या दिवसाच्या आकड्याशी ताडून बघा. शेजारी त्याच खोलीवर एक थर्मामीटर पुरा.

टेन्शियोमीटर, म्हणजे माती पाणी किती जोराने धरून आहे ते मोजणारी पाण्याची नळी, वापरत असाल तर तोही सकाळीच वाचा. त्याच्या नळीवर ऊन पडलं की आतली हवा फुगते. आणि एक खरा बदलही असतो: तापलेली माती पाणी थोडं सैल धरते. पाण्याचा पृष्ठताण २० अंशांना ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, ४० ला ६९.६. म्हणजे चार-साडेचार टक्के घट. मातीत मोजलेली घट यापेक्षाही जास्त निघते. पोकळ्यांत कोंडलेली हवा फुगते आणि कणांच्या पृष्ठभागाशी पाण्याचं नातंही बदलतं, म्हणून.

कृष्णाकाठ · ११ डिसेंबर, सायंकाळी ६:२०

ताई, आमच्या शिरोळ भागातलं दुखणं विचारतो. वर्षानुवर्षं उसाला भरमसाट पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या. उन्हाळ्यात मीठ फुटतं ते सरीत नाही, वरंब्याच्या माथ्यावर. पांढरा पापुद्रा धरतो, बोटाने खरवडला तर पिठासारखा. सरीत पाणी, मग मीठ वर का चढतं? यात तापमानाचा हात आहे का?

मृद्गंधा · ११ डिसेंबर, रात्री ९:१५

आहे, पण मुख्य हात बाष्पीभवनाचा. वरंब्याचा माथा उन्हात जास्त तापतो, वारा लागतो, तिथून पाणी उडतं आणि सरीतलं पाणी केशाकर्षणाने तिकडे ओढलं जातं. पाणी जातं, मीठ राहतं. भूजल वर असल्यामुळे हा पुरवठा तुटतच नाही.

तापमानाचा हात एका सुंदर प्रयोगात दिसला. गर, मार्शल आणि हटन या ऑस्ट्रेलियातल्या तिघांनी १९५२ साली दोन्ही टोकं बंद केलेली मातीची नळी घेतली, एक टोक गरम ठेवलं, दुसरं गार. पाणी गार टोकाकडे जमलं. पण मातीत आधीच मिसळलेलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, उलट गरम टोकाकडे गेलं. याचा अर्थ एकच लागतो: वाफ गरमकडून गारकडे गेली, तिथे तिचं पाणी झालं, आणि त्यातलं काही पाणी द्रवरूपाने मीठ घेऊन परत गरमकडे आलं. वाफ मीठ नेऊ शकत नाही, त्यामुळे मीठ गरम बाजूला साचत गेलं. बंद नळीतसुद्धा मिठाला तापलेली जागाच मिळाली.

तुमच्याकडे पाचटाचं आच्छादन ठेवा. माथा तापणार नाही, उडणं कमी होईल. पण निचऱ्याचे चर किंवा सच्छिद्र पाइप घातल्याशिवाय भूजल खाली जाणार नाही, आणि भूजल खाली गेल्याशिवाय हे दुखणं मुळातून जात नाही.

केबलजोड · १२ डिसेंबर, सकाळी ९:००

शेतीतला नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. तीस वर्षं जमिनीखालच्या वीजवाहिन्यांचं काम केलं. भार वाढला की केबल तापते, तापली की भोवतालची ओल लांब पळते. माती कोरडी झाली की उष्णता बाहेर नेत नाही, ओल्या वाळूच्या मानाने कोरडी वाळू पाच-सहा पट कमी नेते. मग केबल आणखी तापते, ओल आणखी पळते. एका मे महिन्यात जळालेली ३३ केव्हीची केबल उकरली होती. तिच्याभोवती वीतभर माती भाजल्यासारखी, चिमटीत धरली तर भुरभुर सांडणारी. त्याबाहेर कुदळीचा घाव घातला तर ओलं ढेकूळ निघालं. त्या दिवशी आम्हाला वाटलं होतं की केबलच खराब होती. मागाहून कळलं, भराव चुकला होता. एकसारखी जाड वाळू टाकली होती, तिच्यात पळालेलं पाणी परत येत नाही. बारीक आणि जाड कण मिसळलेला भराव दाबून घातला की तो थोडी ओल धरून ठेवतो आणि गेलेली परत ओढतो.

मृद्गंधा · १२ डिसेंबर, सकाळी ९:४०

काका, गर-मार्शलची नळी तुम्ही रस्त्याखाली बघितलीत. परत येणारी द्रवाची वाट तुटली की काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला वर्गात देता आलेलं नाही. परवानगी असेल तर हे सांगेन.

केबलजोड · १२ डिसेंबर, सकाळी १०:०५

अवश्य सांगा.

बर्फाळ_शिवार · १२ डिसेंबर, रात्री ११:३०

अमेरिकेतल्या मिनेसोटातून. इथे हाच खेळ शून्याखाली होतो आणि फार ताकदीने. माती वरून गोठायला लागली की खालचं पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढलं जातं आणि तिथे बर्फाच्या आडव्या चकत्या तयार होतात. जमीन फुगते, रस्ते उचलले जातात, वसंतात खड्डे पडतात. पूर्वी लोक म्हणायचे, पाण्याचा बर्फ होताना आकार वाढतो म्हणून जमीन फुगते. स्टीफन टेबर यांनी १९२९-३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेन्झीन भरलं. बेन्झीन गोठताना आकसतं. तरी माती फुगली. म्हणजे फुगवणारं पाणी बाहेरून ओढून आणलेलं असतं.

ओढ केवढी? गोठणबिंदूच्या खाली एका अंशाला सुमारे १२० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढी. शेजारच्या शेतकऱ्याच्या रानात दर वसंतात नवे दगड वर आलेले असतात, तो ते वेचून बांधाला लावतो. मालदांडीचा नखभर ओलावा आणि हे दगड, मूळ कारण एकाच घराण्यातलं.

मालदांडी · १३ डिसेंबर, सकाळी ९:५०

सगळ्यांचे आभार. घमेल्याचा प्रयोग तीन रात्री केला. कोळपलेल्या पट्ट्यात दोन घमेली, काकांनी सांगितलं तशी.

पहिली रात्र, आभाळ निरभ्र. पहाटे सहाला उलटली. मातीवरच्या घमेल्याच्या आतल्या बाजूला थेंबच थेंब, बोट ओढलं तर ओघळ झाला. प्लास्टिकवरचं आतून कोरडं. मात्र त्या प्लास्टिकच्या खालच्या अंगाला, मातीकडच्या बाजूला, पाणी होतं. दोन्ही घमेल्यांच्या पाठीवर बाहेरून बारीक दव होतं. म्हणजे शेजारचे काकाही चुकले नव्हते.

दुसरी रात्रही तशीच. या वेळी कोरड्या फडक्याने आतलं पाणी टिपलं आणि सोनाराकडून आणलेल्या छोट्या काट्यावर फडकं तोललं. सव्वादोन ग्रॅम. काही थेंब उलटताना पडले, त्यामुळे हे कमीच. घमेल्याचं तोंड चाळीस सेंटीमीटर, ताईंच्या हिशोबाने तीनेक ग्रॅम यायला हवे होते.

तिसऱ्या रात्री ढग होते. घमेलं जवळजवळ कोरडं. ढगांनी रान गारठू दिलं नाही.

आता माझा दुसरा प्रश्न राहिला: कोळपणीने ओल राखली जाते का?

मृद्गंधा · १३ डिसेंबर, दुपारी २:३०

सव्वादोन ग्रॅम! प्रयोगशाळेतल्या मुलांना दाखवते तुमची ही नोंद.

कोळपणीचं सांगते. जमीन वरपर्यंत ओली असेल तर या दिवसांत तिच्यातून रोज तीन-चार मिलिमीटर उडू शकतं, कारण द्रवाची वाट थेट पृष्ठभागापर्यंत असते. तुम्ही वरचे पाच सेंटीमीटर मोकळे केलेत की ती वाट तुटते. उरते वाफेची वाट, ती पाव मिलिमीटरच्या आसपास नेते. दिवसा तर तापमानही तुमच्या बाजूने असतं: वर धूळ ४५ अंशांना, खाली २८, म्हणून ऊब वाफेला खाली रेटते. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" म्हणतात ते यामुळे, आणि तण निघाल्यामुळे. काळी जमीन काही दिवसांनी आपणहून वरून भुसभुशीत होते, त्यामुळे पहिल्या दोन कोळपण्यांचा ओलीपुरता फायदा कमी धरला तरी चालेल.

तिसरीचं तसं नाही. भेग ही सरळ विहीर आहे, तिच्यात धुळीचा थर नाही. दिवसा भेगेतली हवा वरच्यापेक्षा गार आणि जड, म्हणून ती आत पडून राहते. रात्री उलटं होतं. वरची हवा गारठते, जड होते आणि भेगेत उतरते. आतली उबदार, वाफेने भरलेली हवा वर निघते. रात्रभर ही ये-जा चालू. ती वाफ कणाकणांतून पसरत जात नाही, हवेच्या झुळकीबरोबर निघून जाते, आणि ती येते दोन-अडीच फुटांवरून, जिथली ओल तुमच्या ज्वारीला दाणे भरताना लागणार आहे. थंडी जितकी कडक आणि आभाळ जितकं स्वच्छ, तितकं हे जास्त. म्हणून दातेरी कोळपं आता लांबवू नका. पहाटे सूर्य उगवायच्या आत एखाद्या भेगेवर उदबत्ती धरून बघा.

जुना_कृषी_सहायक · १३ डिसेंबर, सायंकाळी ५:००

दातेरी कोळप्याची शिफारस आम्ही गावोगाव केली. पीक आठ आठवड्यांचं झालं की भेगा बुजवा, असं सांगायचो. कोरडवाहू संशोधन सोलापुरात १९३३ साली सुरू झालं, तेव्हापासून ओल राखणं हाच तिथला मुख्य विषय. पण रात्रीच्या हवेचं हे कारण मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, मुळं तुटतात आणि ऊन आत शिरतं. मालदांडी, उदबत्तीचं काय झालं ते जरूर लिहा.

मालदांडी · १४ डिसेंबर, सकाळी ८:०५

काका, ताई, पहाटे पावणेसहाला वडिलांना घेऊन गेलो. वारा अजिबात नव्हता. आमच्या विहिरीकडच्या तुकड्यात एक भेग आहे, माझी चार बोटं आडवी जातील एवढी रुंद आणि सात-आठ हात लांब. एका टोकाला उदबत्ती धरली. धूर वळला आणि सरळ भेगेत उतरला, कोणीतरी आतून ओढल्यासारखा. तीन हात पुढे नेली तर तिथे धूर भेगेच्या तोंडावरून वर उसळत होता. हात ठेवला, उबदार दमट लागलं. तळव्याला ओल धरली. वडिलांनीही हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग म्हणाले, "बैल सोडतो. तू दातेरी काढ." सहा ओळी झाल्यात, न्याहारीला घरी आलोय. एक पट्टा भेगांसकट तसाच ठेवणार आहे. दोन्हीकडे दोन फुटांवरची माती जानेवारीत काढून, वाळवून, वजन करून इथे लिहितो.